भरीव घोडी

तंतुवाद्याच्या तारा ज्या लाकडी तुकड्यावरून जातात त्याला आम्ही घोडी म्हणतो. सितारीचा भोपळा कितीही चांगला असो, दांडी कितीही सरळ असो, आवाज शेवटी घोडीवर ठरतो. तार घोडीला कुठं टेकते आणि कुठं सुटते, तिथं केसाएवढा फरक पडला तरी वाद्य बोलतं किंवा मुकं होतं. घोडीचा माथा घासून हा मेळ जमवायचा, त्याला जवारी काढणं म्हणतात. भिंगारच्या बाजारात माझे मामू नूरुद्दीन यांचं सितारी-तंबोऱ्यांचं दुकान होतं. आमच्याकडे जवारी फक्त तेच काढत, आणि दार लावून काढत.

मी त्यांच्या बहिणीचा मुलगा. आई गेली तेव्हा मी फार लहान होतो. वडील त्याआधीच गेलेले. मामूंनी मला देवळाली प्रवऱ्याहून भिंगारला आणलं. आईच्या उशाशी बसून, चार माणसांसमोर त्यांनी तिला शब्द दिला होता की माझा म्हमूद आणि तुझा फक्रुद्दीन मला सारखे. हे मला आठवत नाही, पण बाजारातल्या जुन्या माणसांनी इतक्या वेळा सांगितलं की आठवतंय असंच वाटतं.

महमूद माझ्याहून थोडा लहान. मनानं वाईट नव्हता. त्याला सायकल आवडायची, सिनेमा आवडायचा, केसाला तेल लावून कापडबाजारात चक्कर मारायला आवडायचं. लाकूड त्याला आवडत नव्हतं. मी मात्र लाकडातच वाढलो. भोपळा कोरणं, दांडी तासणं, पडदे बांधणं, सरस उकळणं, सगळं मी करत होतो. फक्त घोडी नाही. घोडी मामूंची. त्यांनी बसवलेली घोडी शागिर्दानं उचलायची नाही, असा आमच्या घरचा कायदा होता. तार बदलायची तर एकेकच बदलायची, म्हणजे बाकीच्या तारा घोडीला दाबून ठेवतात आणि ती जागची हलत नाही. जो घोडी उचलील त्याची शागिर्दी त्या दिवशी संपली. मामूंच्या उस्तादांनीही हेच पाळलं होतं, त्यांच्या उस्तादांनीही.

"जवारी येत न्हाई तवर मानूस खोकीच बनवतो," मामू म्हणत. "खोकी काय, सुतारबी बनवतो."

मी तिशीला आलो तरी खोकीच बनवत होतो.

त्रेचाळीस साल असावं. लढाई चालू होती. छावणीत गोऱ्या पलटणी येत-जात होत्या, आणि अधिकाऱ्यांच्या क्लबात शनिवारी नाच असे. त्यासाठी गोव्याचा एक बॅन्ड ठेवलेला होता. त्यातला गिटारवाला मिंगेल मास्तर एका दुपारी आमच्या दुकानात आला. उंच, काळा, पन्नाशीचा माणूस. पायात दोन रंगांचे बूट. त्यानं चादरीत गुंडाळलेली गिटार कामाच्या पाटावर ठेवली आणि चादर अशी बाजूला केली, जणू आत मयत आहे.

गिटारीची छाती, म्हणजे वरची फळी, वरपासून खालपर्यंत उलली होती. तारा सैल पडून लोंबत होत्या.

"तुमच्या नगरच्या हवेनं केलं हे," तो म्हणाला. "पॅरिसमध्ये घेतली, सात समुद्र फिरली, काही झालं नाही. इथल्या एका उन्हाळ्यात गेली."

मामूंनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं केला. "हिला आता इलाज न्हाई, मास्तर. दुसरी घ्या."

"कुठून घेऊ? आगबोटी बंद आहेत. मुंबईत मिळतात त्या सगळ्या गोड बोलणाऱ्या. मला गोड नको." तो माझ्याकडे वळला, मग महमूदकडे. "जिप्सी लोक माहीत आहेत? युरोपातले भटके. घोडागाड्यांतून फिरतात, कुठंही मुक्काम टाकतात."

"म्हंजी आपले डोंबारी-गारुडीच की," मामू म्हणाले.

"तसेच. पण त्यांनी पॅरिसमध्ये गिटारीवर जाझ वाजवायला सुरुवात केली आणि बडे लोक तिकीट काढून ऐकायला लागले. ढोल नाही, ताशा नाही. एक गिटार पुढं गाणं बोलते, बाकीच्या मागून ताल धरतात. हे असं." त्यानं त्या फुटक्या गिटारीच्या दोन तारा ताणल्या आणि उजवा हात मनगटातून झटकला. फुटकी असूनही तिच्यातून आवाज आला, चक्-चक्, चक्-चक्, जणू कोणी सुपात बाजरी पाखडतंय.

"आस कुठाय?" मामूंनी विचारलं. सूर छेडल्यावर तो मागं जो रेंगाळतो त्याला आस म्हणतात. सितार बनवणारा माणूस जन्मभर तिच्याच मागं असतो.

"आस नको, उस्ताद. तुमच्या सितारी संध्याकाळभर रडतात. ही एकदा बोलून गप्प बसली पाहिजे. पण बोलली की हॉलच्या शेवटच्या खुर्चीला कळलं पाहिजे. दीडशे बूट फरशीवर नाचत असतात, मॅन, आणि माईक बिघडलेला असतो."

महमूद हसला. "मंग आमच्या मुमानीलाच बसवा की क्लबात. शेवटच्या खुर्चीला ऐकू जातंय." त्याची आई बद्रुन्निसा, तिला मी मुमानी म्हणत असे म्हणून तोही चेष्टेनं तसंच म्हणायचा. आतून तिचा आवाज आलाच, "ऐकतीये मी, मुडद्या."

मिंगेल मास्तरला दोन गिटारी हव्या होत्या. मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात त्याचं काम ठरलं होतं, थंडी संपताना जायचं होतं. एक गिटार त्याची, पुढं बोलणारी. दुसरी त्याच्या भाच्याची, मागून ताल धरणारी. "जी चांगली होईल ती माझी," तो म्हणाला, "उरलेली तालाला."

तो गेल्यावर मामू फुटकी गिटार बोटांनी चाचपत बसले. त्या सुमारास त्यांच्या डोळ्यांत पडदा यायला लागला होता. कानस चालवताना ते लाकूड नाकाशी धरत. बाजारात लोक विचारायला लागले होते, नूरुद्दीन, तुझ्यामागं दुकान कोन बघनार? आणि विचारणाऱ्यांपैकी दोघं जण माझ्या आईच्या उशाशी बसलेले होते.

"एक तू कर, एक म्हमूद करील," मामू म्हणाले. "कुनाची कुठली, मास्तरला सांगायचं न्हाई. ज्याची तो पुढं घेईल त्याला मी जवारी देनार. दुकानाची पाटी त्याच्या नावाची. दोघं मला सारके, तवा निवाडा तिसऱ्यानं करू दे."

त्या दोघा म्हाताऱ्यांनाही त्यांनी दुसऱ्या दिवशी चहाला बोलावून हे सांगितलं. एक म्हातारा म्हणाला, "नूरुद्दीन, बहिनीचं रीन फेडलंस." मी मान खाली घालून सरस ढवळत होतो. भरून आलेले डोळे कोणी बघू नयेत म्हणून.

फुटकी गिटार आम्ही पाटावर उघडून ठेवली आणि मापं घेतली. तिची छाती सपाट नव्हती. घोडीच्या मागं ती ऊब देऊन किंचित वाकवलेली होती, छपराच्या आढ्यासारखी. घोडी चिकटवलेली नव्हती. दोन बाजूंना मिशांसारखे दोन पातळ तुकडे चिकटवलेले आणि मध्ये घोडी नुसती ठेवलेली, तारांच्या दाबानं बसणारी. तारा गिटारीच्या बुडाशी एका पितळी पट्टीला अडकत. मूळ घोडी मामूंनी पहिल्याच दिवशी खिशात घातली होती. "घोड्या मी करनार," ते म्हणाले. "दोन्हीच्या. तुमी खोकी करा."

यात मला वावगं काही वाटलं नाही. वाटण्यासारखं काही नव्हतंच.

देवदार आम्हाला छावणीच्या लिलावात मिळाला. दारूगोळ्याची देवदारी खोकी फोडून विकत. महमूदनं हाताला आली ती फळी उचलली. तिच्यात एका कडेला गाठ होती. मी ढिगातली एकेक फळी टकटक करून पाहिली. लिलाववाला कंटाळून म्हणाला, "अरे नवरी बघतोयस का फळी?" मला हवी ती तळाशी मिळाली. तिच्या रेषा केसासारख्या बारीक, जवळजवळ आणि सरळ होत्या. पाठीला आणि कडांना शिसव. कडा वाफेवर वाकवताना महमूदच्या दोन मोडल्या. तिसरी मी वाकवून दिली. त्याच्या छातीच्या आतल्या आडपट्ट्याही मीच बसवल्या, कारण त्याला त्या दिवशी सिनेमाला जायचं होतं. मामूंनी ते पाहिलं आणि ते आपल्या कामाकडे वळले. मला वाटलं, त्यांना आवडलं असेल.

दोन्ही खोकी तयार झाल्यावर मामूंनी ती आत नेली, दार लावलं, आणि संध्याकाळी घोड्या बसवून, तारा चढवून बाहेर आणली. घोड्या एकाच शिसवाच्या, एकाच उंचीच्या, एकाच चकाकीच्या. दोन्ही गिटारी बहिणींसारख्या दिसत होत्या. फरक कळावा म्हणून महमूदच्या गिटारीच्या गळ्यामागं त्यांनी नखाएवढी खूण केली होती.

निवाडा क्लबात झाला, दुपारी, हॉल रिकामा असताना. खुर्च्या भिंतीला लावलेल्या होत्या, फरशीला मेणाचा वास येत होता. मामूंनी स्वतःच्या हातानं एकेक गिटार मिंगेल मास्तरला दिली. त्यानं मला हॉलच्या पार शेवटच्या कोपऱ्यात उभं केलं, महमूदला दाराशी.

आधी त्याला माझी मिळाली. माझे कान तिला ओळखत होते, खूण बघायची गरज नव्हती. त्यानं आधी ताल धरला. मग चढ्या सुरात एक लांब चाल वाजवली, उड्या मारत, गिरक्या घेत, बोटं दिसू नयेत अशा वेगानं. आवाज गोल होता, भरलेला होता. पण माझ्यापर्यंत पोचेपर्यंत तो दमत होता. मी कोपऱ्यात उभा राहून त्याला मनातल्या मनात ढकलत होतो.

मग दुसरी. तीच चाल. पहिल्याच सुराला माझ्या पाठीमागच्या खिडकीची काच थरथरली. आवाज कोरडा होता, थोडा नाकातला, आणि सरळ. हॉल ओलांडून यायला त्याला वेळच लागत नव्हता. दाराशी महमूदनं आश्चर्यानं स्वतःच्या कानाला हात लावला.

मिंगेल मास्तरनं दोन्ही गिटारी मांडीवर आडव्या घेतल्या. "ही पहिली दिवाणखान्यातली आहे. गोड आहे, पण लाजते. ही दुसरी रस्त्यावरची आहे." त्यानं दुसरी वर उचलली. "माझं रस्त्यावरचीशी जमेल."

मामूंनी गळ्यामागची खूण बोटानं चाचपली आणि म्हणाले, "म्हमूदची."

त्यांचा आवाज सपाट होता, ना आनंद ना काही. मी जाऊन महमूदच्या खांद्यावर हात ठेवला. तो म्हणाला, "फक्रूभाई, तूच बनवलीस की निम्मी." मी म्हणालो, "गप, हलकटा, जिंकलास ना." आम्ही हसलो.

त्या दिवशी जेवताना मुमानीनं नळी माझ्या ताटात वाढली. मटण असलं की नळी मामूंना, नाहीतर महमूदला. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, तसंच चालत आलं होतं. मी ती परत भांड्यात टाकायला गेलो तर तिनं माझं मनगट धरलं. "खा तू," म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता चुलीकडे वळली. मला वाटलं, हरलो म्हणून मायेनं वाढतीये.

त्यानंतरचे दिवस मी माझी चूक शोधण्यात घालवले. तारेच्या टोकाला आरशाचा तुकडा बांधून आत बघितलं. आडपट्ट्या जाड झाल्या असतील म्हणून आवाजाच्या भोकातून हात घालून, काचकागदानं, बोटांची सालटं निघेपर्यंत त्या घासल्या. फळी चुकली असेल, सरस जास्त झाला असेल, पॉलिशचा हात एक जास्त बसला असेल. रात्री डोळा लागेना. गाठ असलेल्या फळीची गिटार बोलते आणि माझी लाजते, याचा अर्थ मला लाकूड कळत नाही. आणि लाकूड कळत नसेल तर मला दुसरं काहीच येत नव्हतं. घोडीकडे मी बघितलंही नाही. जे घासायचं ते सगळं घासलं, ती सोडून.

मिंगेल मास्तरची निघायची वेळ आली. दोन्ही गिटारी तोवर आमच्याच दुकानात होत्या; त्यांना नव्या तारा घालून ठेवा, असा त्यानं निरोप पाठवला. शुक्रवारी संध्याकाळी न्यायला येतो म्हणाला. गुरुवारी सकाळी मी माझी गिटार पाटावर घेतली आणि एकेक तार बदलायला लागलो. शेवटची तार ताणत असताना बुडाच्या पितळी पट्टीचा खिळा निसटला. पट्टी उडाली, सगळ्या तारा एकदम सैल झाल्या आणि घोडी घरंगळून खाली पडली.

ती पडल्याचा आवाज मला खटकला. शहाबादी फरशीवर ती ठक्क वाजली, वरवंट्यासारखी.

मी उचलली. एवढ्याशा तुकड्याला असावं त्याहून वजन जास्त होतं. मी ती उलटी केली. खालून ती घट्ट भरीव होती. माथ्यालाही सितारीसारखा हलका उतार दिलेला होता, बोट फिरवल्यावरच कळेल असा. सितारीत त्या उतारामुळं आस येते. या गिटारीत त्यामुळं तार स्वच्छ सुटत नव्हती, आणि खालचं ते वजन छातीला हलू देत नव्हतं.

महमूदची गिटार भिंतीवरच्या खुंटीला टांगलेली होती. मी तिच्याकडे बराच वेळ बघत बसलो. माझी घोडी आपोआप पडली होती. ती उचलायला मला स्वतःच्या हातानं तारा सोडाव्या लागणार होत्या. मी खुंट्या पिळल्या, तारा सोडल्या आणि घोडी उचलली.

ती हातात आहे की नाही असं वाटावं इतकी हलकी होती. उलटी केली. आतून पोकळ कोरलेली, कडा फक्त नखाएवढ्या जाड, शेंगेच्या फोलपटासारखी. माथा धारदार. आत पटाशीचे बारीक बारीक घाव होते, एकसारखे. डोळ्यांत पडदा आलेल्या माणसानं ते किती वेळ लावून केले असतील. मामूंचा हात मी ओळखत होतो. इतकं सुंदर काम त्यांनी त्या वर्षात दुसऱ्या कशावरही केलं नव्हतं.

वरून दोन्ही सारख्या दिसाव्यात यासाठीही तेवढेच कष्ट घेतले होते.

मी महमूदची घोडी जशी होती तशी त्याच्या गिटारीवर बसवली, तारा चढवल्या, खुंटीला लावली. पट्टीचा खिळा ठोकून माझीही बसवली. मग बाहेर जाऊन हौदावर तोंड धुतलं.

मला अजून वाटत होतं की विचारलं पाहिजे. माणूस चुकतो; पहिली घोडी भरीव झाली असेल, दुसरीच्या वेळी पोकळ करायचं सुचलं असेल. तेवढं जरी ते म्हणाले असते तरी मी मान्य केलं असतं, खोटं आहे हे कळूनही. संध्याकाळी मामू अंगणात बाजेवर बसले होते. मी त्यांचे पाय दाबायला बसलो, रोजच्यासारखा.

"मामू, माझ्या गिटारीला काय कमी पडलं?"

"लाकूड," ते लगेच म्हणाले. "कच्चं हुतं. आत ओल हुती."

"घोडी तर नसंल?"

त्यांचा पाय माझ्या हातात होता. तो ताठ झाला. "घोड्या एका फळीतल्या. दोन्हीला सारकाच हात लावलाय मी. तुज्या आईची आन."

आण मी मागितली नव्हती.

मी पाय दाबत राहिलो. त्यांना झोप लागली तेव्हा उठलो. मुमानी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं पदर डोक्यावर पुढं ओढला आणि आत गेली, आणि मग नळीचं मला समजलं.

शुक्रवारी मामू आणि महमूद जुम्म्याच्या नमाजाला गेले. मी दुकानात थांबलो. शिसवाचा एक तुकडा घेतला आणि घोडी बनवायला बसलो. आयुष्यात पहिल्यांदा. मला कोणी शिकवलं नव्हतं, पण आदल्या दिवशी मी एक चांगली आणि एक वाईट घोडी उलटून बघितली होती. तेवढं पुरेसं होतं. बाहेरचा आकार दिला, मग आतून कोरायला लागलो. एकदा पटाशी कडेतून आरपार गेली. तो तुकडा टाकून दुसरा घेतला. माथा धारेवर आणला. मामूंची घोडी काढून पाटावर ठेवली आणि माझी बसवली.

तार छेडली. आवाज दुकानातून निघून समोरच्या भांडीवाल्या आसारामच्या ओट्यावर गेला असावा, कारण तो मान वर करून म्हणाला, "काय रं फक्रू, नवीन काय आनलंस?"

मामू आणि महमूद परत आले तेव्हा मिंगेल मास्तर टांग्यातून उतरत होता. मी दोन्ही गिटारी त्याच्यापुढं ठेवल्या. तो स्टुलावर बसला आणि आधी माझीच उचलली, तालाची म्हणून तपासायला. हात झटकला. थांबला. पुन्हा झटकला. मग ती लांब चाल सुरू केली, अर्ध्यात सोडली आणि महमूदची घेतली. मग परत माझी. असं त्यानं चार-पाच वेळा आलटून-पालटून केलं. बाजारातली माणसं ओट्याशी जमली.

"ही ती लाजरी?" त्यानं मला विचारलं.

"तीच."

"हिला काय पाजलंस, मॅन? ही दुसरीला खाऊन टाकतेय." त्यानं मामूंकडे बघितलं. "उस्ताद, माझा निकाल बदलला. पुढं ही. ती तालाला."

मामू पुढं आले. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं म्हणून त्यांनी वाकून बोटांनी चाचपलं: छाती, मिशा, मग घोडी. बोटं घोडीवर थांबली. ही त्यांची नव्हे हे त्यांना शिवताक्षणी कळलं. मग त्यांचा हात पाटावर फिरला आणि तिथं ठेवलेली भरीव घोडी त्यांच्या हाताला लागली. त्यांनी ती मुठीत धरली. मिंगेल मास्तर काही कळत नसल्यासारखा आमच्याकडे बघत होता. त्याचा टांगा थांबलेला होता. दोन्ही गिटारी चादरीत गुंडाळून तो गेला.

ओट्यावरची माणसं पांगल्यावर मामू म्हणाले, "उचललीस."

"व्हय."

"कायदा म्हाईत हुता तुला."

"म्हाईत हुता."

महमूद दाराशी उभा राहून चपलेनं भुसा गोळा करत होता. मामू पाटावर बसले. त्यांचं वय एकदम दिसायला लागलं. "तुज्या हातात कला हाय, फक्रू," ते हळू म्हणाले. "तुला मिरजेत ठिवतील, पुन्यात ठिवतील, कुनीबी ठिवील. ह्याला कोन ठिवील? ह्याच्याकडं माज्याबिगर काय हाय? बापाला काय दिसत न्हाई का."

"मग तेच सांगायचं हुतं, मामू. मी सोताहून दिली असती पाटी."

"चार मानसांत शब्द दिल्याला. तुज्या आईला."

"तिचीच आन घेतली तुमी."

मामूंनी मुठीतली घोडी पाटावर ठेवली. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली, आतल्या खोलीची. "मास्तरनं तुजी निवडली. शब्द तो शब्द. उद्यापासून बस माज्यापाशी, जवारी देतो. दोघास्नीबी देतो."

मी किल्लीकडे बघितलं. लहानपणापासून मी त्या दाराबाहेर बसून आतल्या कानशीचा आवाज ऐकत आलो होतो. झोपेतही मला तो ओळखू येई. आता दार उघडत होतं आणि मला आत जावंसं वाटत नव्हतं. त्यांनी मला कानस कशी धरायची ते दाखवलं असतं, माथा किती उतरवायचा ते सांगितलं असतं, आणि त्यांनी दाखवलेली प्रत्येक गोष्ट मी आधी उलटी करून बघितली असती. तसं कुणाकडून काही शिकता येत नाही.

"नको," मी म्हणालो.

मुमानीनं माझी पत्र्याची पेटी भरून दिली. तिनं रडू नये असं मला वाटत होतं आणि ती रडली नाही. दशम्या बांधून दिल्या. "देवळालीत कुनाकडं जानार?" तिनं विचारलं. चुलतभाऊ होता तिथं, बैलगाड्या करणारा. त्याच्याकडे जाणार होतो. "चाकं करशील?" ती म्हणाली. मी हो म्हणालो. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो हात तसाच ठेवून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण मामू आतून खोकले आणि तिनं हात काढून घेतला.

नगर स्टेशनपर्यंत महमूद माझ्याबरोबर आला. पेटी त्यानंच डोक्यावर घेतली, मला घेऊ दिली नाही. वाटेत तो सारखा बोलत होता: बैलगाडीत बसून सिनेमाला येशील का, देवळालीच्या पोरी उसासारख्या उंच असतात म्हणे, तिथं तुझं लग्न लागलं तर मी बेंडबाजा घेऊन येईन. मी हसत होतो. त्याच्यावर राग धरणं मला कधी जमलं नव्हतं. फलाटावर पेटी उतरवताना मी त्याला विचारलं, "म्हमूद, तुला म्हाईत हुतं का रं?"

त्यानं पेटीची कडी नीट बसली आहे का ते बघितलं. मग वाकून पेटीवरची धूळ रुमालानं पुसली, सगळ्या बाजूंनी. गाडीची अजून चाहूलही नव्हती.

"गाडी आली वाटतं," तो म्हणाला.